चक्रीवादळ आलं, जहाज बंदरात ठेवायचं की बाहेर काढायचं? बंदराची पारख करण्याची पद्धत

बडोद्यात समुद्र नाही, पण समुद्राची काळजी भरपूर आहे. मकरपुरा, वाघोडिया, सावली, हालोल या पट्ट्यात तयार होणारे ट्रान्सफॉर्मर, प्रेशर व्हेसल, लांबलचक कॉलम आणि रसायनांचे ड्रम शेवटी दहेज, हजिरा, पिपावाव नाहीतर मुंद्र्यालाच जाऊन जहाजावर चढतात. अरबी समुद्रात वादळांचे हंगाम दोन, मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. या महिन्यांत डिस्पॅच खात्यातून एजंटला हमखास फोन जातो, “बंदर सेफ आहे ना?” तिकडून उत्तर येतं, “काळजी करू नका, अजून तीन नंबरचाच बावटा आहे.” बावटा म्हणजे बंदरावर लावलेली वादळाच्या इशाऱ्याची खूण. पण या सवाल-जवाबातून कुणालाच काही कळत नाही.

बंदर सरसकट सुरक्षित किंवा सरसकट धोक्याचं नसतं. अमुक जहाज, अमुक दिशेने येणारं वादळ आणि अमुक वेळची भरती, या तिन्ही गोष्टी धरूनच उत्तर निघतं. त्यात आणखी एक बाब अशी की बाहेर पडायची वेळ टळून गेली की कितीही अचूक उत्तर काढा, ते कागदावरच राहतं. खालची पद्धत याच क्रमाने जाते. जहाज ठेवायचं की काढायचं याचा शेवटचा निर्णय कप्तानाचा असतो. समुद्रावरच्या जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय 'सोलास' कराराच्या पाचव्या प्रकरणातला नियम 34-1 तो अधिकार त्याला देतो आणि मालक, भाडेकरू किंवा माल पाठवणारा त्यात आडवा येऊ शकत नाही. पण माल पाठवणारा, विमा उतरवणारा आणि बंदराचा नियोजन विभाग यांनीही हा हिशेब करून ठेवला तर बोलणं अंदाजपंचे राहत नाही.

आधी जहाज, मग बंदर

एका कागदावर जहाजाची लांबी, आत्ताचा ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती खोल बसलंय), पाण्यावर उघडी असलेली बाजू किती चौरस मीटर, नांगराचं वजन, साखळीची लांबी, दोरांची संख्या आणि प्रत्येक दोराची तुटण्याची ताकद लिहून घ्या. इंजिन किती वेळात चालू होतं तेही लिहा. धक्क्यावर उभ्या जहाजाचं इंजिन दुरुस्तीसाठी उघडलेलं असेल तर बाकीचा हिशेब करण्यात अर्थ नाही. त्या जहाजापुढे पर्याय एकच, बंदराने सांभाळलं तर ठीक.

भरलेलं जहाज खोल बसतं, त्याची वाऱ्याला लागणारी बाजू लहान होते. रिकामं जहाज फुग्यासारखं वर येतं. म्हणून 'जहाज रिकामं झालंय, आता चिंता नाही' हा माल पाठवणाऱ्यांचा आवडता दिलासा उलटाच आहे.

नकाशा उघडा आणि सोळा दिशा तपासा

बंदराचा नौकानयन नकाशा घ्या. जहाज जिथे उभं राहणार त्या बिंदूपासून सोळा दिशांना रेघा काढा आणि प्रत्येक रेघेवर तीन गोष्टी नोंदवा: उघडं पाणी किती अंतरापर्यंत आहे, त्या पट्ट्यात खोली किती आहे आणि पलीकडच्या जमिनीची उंची किती आहे.

उघड्या पाण्याचं अंतर महत्त्वाचं, कारण लाट त्यावर पोसते. 64 नॉटच्या (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, साधारण 1.85 किलोमीटर) वाऱ्यात पाच किलोमीटर उघड्या पाण्यावर दीड मीटरच्या आसपास लाट उठते. हेच अंतर अठरा-वीस किलोमीटर असलं तर अडीच-तीन मीटर. म्हणजे चारी बाजूंनी जमीन दिसते म्हणून बंदर शांत राहील असं समजू नका. आखातातली लाट आखातातच तयार होते.

जमिनीच्या उंचीच्या बाबतीत गुजरातचा किनारा कंजूष आहे. खंभातच्या आखाताभोवती आणि कच्छच्या दोन्ही बाजूंना सपाट चिखलाची मैदानं आणि मिठागरं. तिथे जमीन लाट अडवेल, वारा अडवणार नाही. कोकणात डोंगराच्या कुशीतली खाडी वाऱ्यालाही आडोसा देते. तो अनुभव जसाच्या तसा दहेजला लावू नये.

दहेजची जेट्टी आखातात उघड्यावर आहे. पिपावावला समोर शियाळ बेटाचा आडोसा मिळतो. कांडला कच्छच्या आखाताच्या टोकाला, खाडीत आत आहे. तिथे लाट मोडते, पण आखात निमुळतं होत गेल्यामुळे पाणी चढतं. ओखा आखाताच्या तोंडाशी, बेट द्वारकेच्या जवळ. ओखामंडळ गायकवाडांच्या राज्यात होतं आणि ओखा बंदर बडोदा संस्थाननेच गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात उभं केलं, त्यामुळे बडोदेकरांना या बंदराबद्दल थोडा जिव्हाळा असणं साहजिक आहे. वादळाला मात्र त्याची माहिती नसते. पश्चिम आणि वायव्येकडून वारा आला की ओख्याचा आडोसा कमी पडतो.

बंदर वादळाच्या कुठल्या हाताला?

ही पायरी सगळ्यांत जास्त चुकते. उत्तर गोलार्धात वादळ घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. वादळ ज्या दिशेने पुढे सरकतंय त्या दिशेला तोंड करून उभं राहा. उजव्या हाताला वाऱ्याचा वेग आणि वादळाच्या सरकण्याचा वेग यांची बेरीज होते. डाव्या हाताला वजाबाकी. किनाऱ्यावर धडकताना उजव्या बाजूला वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो आणि पाणी आत ढकलतो, डाव्या बाजूला तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि पाणी बाहेर ओढतो.

17 मे 2021च्या रात्री 'तौक्ते' उना-दीवजवळ जमिनीवर आलं, साधारण उत्तरेकडे सरकत. त्याच्या उजव्या हाताला जाफराबाद, पिपावाव आणि पुढे अख्खं खंभातचं आखात होतं. पोरबंदर डाव्या हाताला. 15 जून 2023ला 'बिपरजॉय' जखौजवळ आलं, ईशान्येकडे सरकत. तिथे उजव्या हाताला मांडवी, मुंद्रा आणि कच्छचं आखात. एकाच किनाऱ्यावरची दोन वादळं, धोक्याची बंदरं वेगळी.

हवामान खात्याच्या बावट्यांतही हाच हात लपलेला आहे, पण बावट्याचा आकडा फक्त 'मोठा म्हणजे जास्त वाईट' असाच वाचला जातो. एक आणि दोन नंबर म्हणजे लांबवर समुद्रात काहीतरी आहे, बंदराला अजून झळ नाही. तीन म्हणजे बंदरात सोसाट्याचा वारा येण्याची शक्यता. चार म्हणजे समुद्रात वादळ आहे आणि ते पुढे या बंदराला लागू शकतं. पाच, सहा, सात धोक्याचे आणि आठ, नऊ, दहा मोठ्या धोक्याचे. पाच आणि आठचा अर्थ बंदर वादळाच्या मार्गाच्या डावीकडे राहील, सहा आणि नऊचा अर्थ उजवीकडे, सात आणि दहाचा अर्थ वादळ बंदरावरून किंवा अगदी जवळून जाईल. अकरा लागला तर हवामान खात्याशी संपर्कच तुटलेला आहे. म्हणजे आठ आणि नऊ यांत तीव्रतेचा फरक नाही, बाजूचा आहे, आणि तो जहाजासाठी जमीन-अस्मानाचा आहे.

डावी बाजू मात्र निर्धास्त नाही. तिथे पाणी खाली ओढलं जातं. धक्क्याला लागलेल्या भरल्या जहाजाच्या तळाखाली मीटर-दीड मीटरच पाणी असेल आणि ओहोटीच्या वेळी फुगवट्याऐवजी (वादळाने चढलेल्या पाण्याऐवजी) उतार आला, तर जहाज तळाला टेकतं आणि लाटेबरोबर आपटत राहतं.

एका मार्गावर हिशेब करून थांबू नका. अंदाजाच्या नकाशावर शंकूसारखा पट्टा दाखवलेला असतो. त्याच्या मध्यरेषेसाठी, डाव्या कडेसाठी आणि उजव्या कडेसाठी असे तीन हिशेब करा. जहाजांवर 1-2-3 नावाचा ढोबळ नियम वापरतात: 24 तासांनंतरच्या स्थानात 100 सागरी मैल, 48 तासांनंतर 200 आणि 72 तासांनंतर 300 मैल चूक धरायची, आणि त्यात 34 नॉट वाऱ्याची त्रिज्या मिळवायची. आजचे अंदाज याहून बरेच अचूक असतात, तरी बंदर रिकामं करायचा निर्णय घेताना हा नियम अजून उपयोगी पडतो, कारण तो चुकला तर सावधगिरीच्या बाजूला चुकतो.

वारा टनांत मोजा

किलोमीटर प्रति तास ऐकून भीती वाटते, पण निर्णय होत नाही. वाऱ्याचा जोर टनांत आणला की होतो. सोपं सूत्र असं: जहाजाची उघडी बाजू चौरस मीटरमध्ये, गुणिले वाऱ्याचा वेग नॉटमध्ये त्याचा वर्ग, भागिले 60,000. उत्तर टनांत, वारा थेट आडवा लागल्यावरचं.

180 मीटर लांबीचं, रिकामं, 2,500 चौरस मीटर बाजू असलेलं मालवाहू जहाज घेऊ. 34 नॉटला, म्हणजे नुसत्या चक्रीवादळाच्या खालच्या पायरीला, 48 टन. 50 नॉटला 104. 64 नॉटला, जिथून 'अति तीव्र' वादळ सुरू होतं, 171 टन. 90 नॉटला 338. वेग दुप्पट झाला की जोर चौपट, हे डोक्यात पक्कं बसवा. शिवाय हवामान खातं तीन मिनिटांची सरासरी सांगतं, परदेशी संकेतस्थळं बहुधा एका मिनिटाची. झोत याहून तीस टक्के वर जाऊ शकतो, म्हणजे जोर जवळपास सत्तर टक्क्यांनी वाढतो.

आता दुसरी बाजू. अशा जहाजाच्या दोराची ताकद 55 टनांच्या आसपास धरली, तर विंचचा (दोर गुंडाळणाऱ्या यंत्राचा) ब्रेक त्याच्या साठ टक्क्यांवर, म्हणजे 33 टनांवर, घसरायला बसवलेला असतो. दोर तुटण्याआधी ब्रेक सुटावा म्हणून तसं करतात. जहाजाला धक्क्याकडे सरळ ओढून धरणारे चार आडवे दोर असले तर कागदावर 132 टन, पण दोर तिरके आणि चढे असतात, सगळ्यांवर सारखा ताण येत नाही, त्यामुळे कामाचे 90-100 टन धरा. पुढचे-मागचे लांब दोर आडव्या वाऱ्यात फारशी मदत करत नाहीत. थोडक्यात हे जहाज 50 नॉटच्या आसपास हात टेकतं. 50 टन ओढीचे दोन टग (जहाज ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या बोटी) लावले तर काही वेळ निभतं, पण त्या वाऱ्यात आणि लाटेत टग स्वतःच नीट उभे राहत नाहीत. त्यांना हिशेबात धरणं हा स्वतःचाच भ्रम.

मोठ्या टँकरची बांधणीची साधनंसुद्धा 60 नॉट वारा आणि ठरावीक प्रवाह धरूनच आखतात. 300 मीटरचं, वर डबे रचलेलं कंटेनर जहाज 9,000 चौरस मीटर बाजू दाखवतं. त्याला 50 नॉटला 375 टन लागतात. कुठल्याही बंदराला विचारायचा प्रश्न म्हणून हा: या धक्क्यावरचे बोलार्ड (दोर अडकवायचे खुंट) किती टनांचे आहेत, किती आहेत आणि शेवटची ओढचाचणी कधी झाली? गंजलेल्या बोल्टवरचा शंभर टनांचा बोलार्ड शंभर टनांचा नसतो.

पाणी किती चढेल

वादळात जहाजं वाऱ्याने सुटतात, पण किनाऱ्यावर चढतात ती पाण्यामुळे. 9 जून 1998च्या वादळात कांडल्याला हेच झालं. पाणी धक्क्यांवरून आत आलं, जहाजं सुटून वाहत गेली, काही जमिनीवर जाऊन बसली आणि आसपासच्या मिठागरांतल्या कामगारांचे जीव गेले.

फुगवट्याचे दोन भाग. हवेचा दाब एक हेक्टोपास्कल (दाबाचं एकक, म्हणजेच एक मिलिबार) उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर वर येतं. केंद्रात दाब 45 हेक्टोपास्कलने कमी असेल तर 45 सेंटिमीटर. हा भाग लहान. मोठा भाग वाऱ्याने ढकललेल्या पाण्याचा, आणि तो उथळ, निमुळत्या आखातात फार वाढतो. खोल समुद्राला लागून असलेल्या किनाऱ्यावर तेच वादळ निम्मंही पाणी चढवत नाही.

हवामान खात्याच्या सूचनेत फुगवटा 'नेहमीच्या भरतीच्या वर' इतके मीटर असा लिहिलेला असतो. म्हणजे बेरीज तुम्हालाच करायची आहे, आणि ती खंभातच्या आखातात सगळ्यांत नाजूक आहे. भावनगरला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत दहा मीटरहून जास्त फरक पडतो. उलट वेरावळ-पोरबंदरला तो जेमतेम दोन-अडीच मीटर. वेरावळला तीन मीटरचा फुगवटा भरतीला आला काय आणि ओहोटीला आला काय, पाणी नेहमीच्या भरतीच्या रेषेवर जाणारच. भावनगरला तोच फुगवटा ओहोटीला आला तर कुणाला पत्ताही लागणार नाही आणि भरतीला आला तर हाहाकार. वादळ किनाऱ्यावर यायची वेळ सहा तासांनी हुकली की एक टोक जाऊन दुसरं येतं. म्हणून आखातातल्या बंदरासाठी 'ओहोटी असेल' या भरवशावर कधीही निर्णय घेऊ नये, भरतीच धरावी. त्या दिवशी उधाण (मोठी भरती) आहे की भांग (लहान भरती), हे पंचांगात तिथी बघूनही कळतं: अमावास्या-पौर्णिमेच्या पुढचे दोन-तीन दिवस सगळ्यांत वाईट.

उदाहरणादाखल बेरीज करून पाहू. भरती-तक्त्यात भरतीची उंची 8.6 मीटर. फुगवटा 2.5. झाले 11.1. जेट्टीपाशी दीड मीटर लाट, तिचा माथा सरासरी पातळीच्या 0.75 मीटर वर. एकूण 11.85. जेट्टीची वरची पातळी 11.5 मीटर असेल तर लाट जेट्टीवरून जाते, आणि त्याच्या आधीच जहाजाचा सपाट भाग फेंडरच्या (धक्का आणि जहाज यांमधल्या रबरी गादीच्या) वर सरकलेला असतो. मग फेंडरऐवजी काँक्रीटची कड जहाजाच्या पत्र्यावर घासायला लागते. सगळ्या उंच्या नकाशाच्या एकाच आधारपातळीपासून मोजलेल्या आहेत ना, हे दोनदा तपासा. जेट्टीच्या स्थापत्य आराखड्यात उंची बहुतेकदा सरासरी समुद्रसपाटीपासून दिलेली असते आणि भरती-तक्त्यात नकाशाच्या आधारपातळीपासून. भावनगर-दहेजसारख्या ठिकाणी या दोन पातळ्यांत कित्येक मीटरचं अंतर असतं.

पाणी चढण्याचा आणखी एक परिणाम लक्षातून निसटतो. एरवी चिखलाचे बांध आणि वाळूचे पट्टे लाट मोडतात. पाण्याच्या खोलीच्या साधारण तीन-चतुर्थांश उंचीची झाली की लाट फुटते. फुगवट्याने खोली वाढली की तीच लाट न फुटता आत येते. ब्रेकवॉटरचंही (लाट अडवणाऱ्या बांधाचंही) तसंच. त्याची माथ्याची उंची नेहमीच्या भरतीसाठी ठरवलेली असते.

ब्रेकवॉटरच्या आड शांत दिसणाऱ्या गोदीत दोर तुटतात, याचं कारण लांब लाटा. वादळ लांब असतानाच बारा-पंधरा सेकंदांची भरदार लाट किनाऱ्याला येते, आणि तिच्या जोडीला एक-दोन मिनिटांनी येणारी, डोळ्यांना न दिसणारी पाण्याची हालचाल. गोदीच्या लांबीशी ती जुळली की जहाज धक्क्याला समांतर मागे-पुढे सरकू लागतं. दोन-तीन मीटरची ही ये-जा अडवायला दोर कितीही घट्ट केले तरी उपयोग नसतो, उलट आखडलेले दोर आधी तुटतात. बंदरातल्या जुन्या दोरवाल्यांना विचारा, कुठल्या धक्क्यावर असं होतं. त्यांना धक्क्याचा नंबर तोंडपाठ असतो.

नांगर धरेल का?

'बाहेर नांगर टाकून उभं राहू' हा उपाय वाटतो तितका सोपा नाही. जहाजाचा नांगर आणि साखळी वर्गीकरण संस्थांच्या नियमांनुसार ठरते आणि ते नियम आडोशाच्या पाण्यासाठी आहेत: वारा 25 मीटर प्रति सेकंद, म्हणजे 49 नॉटच्या आत, प्रवाह 2.5 मीटर प्रति सेकंद आणि साखळी खोलीच्या सहा ते दहा पट. उघड्या समुद्रात दोन मीटर लाट धरली तर हेच गणित 11 मीटर प्रति सेकंद वाऱ्यावर येतं. चक्रीवादळ या चौकटीत कुठेच बसत नाही.

सहा टनांचा साधा नांगर चांगल्या चिखलात आपल्या वजनाच्या तीन-चार पट धरतो, म्हणजे 18 ते 24 टन. आपल्या 180 मीटरच्या जहाजाची समोरची बाजू 600 चौरस मीटर धरली तर 50 नॉटला 25 टन लागतात. पण जहाज नांगरावर नाकासमोर उभं राहत नाही, ते डावी-उजवीकडे झुलतं आणि प्रत्येक झोक्याला आपली बाजू वाऱ्याला देतं. ताण दुप्पट-तिप्पट होतो, नांगर फरफटत निघतो. खडकावर किंवा कडक मुरुमावर तो मुळात रुततच नाही, आणि खंभातच्या आखातातला पातळ चिखल दिसायला खोल असला तरी धरायला पोकळ.

या आखाताची आणखी एक खोड आहे. प्रवाह पाच-सहा नॉटपर्यंत आणि काही ठिकाणी त्याहून जास्त चालतो. नांगरलेलं जहाज मग वाऱ्याकडे तोंड न करता प्रवाहाकडे करतं आणि वारा बाजूवर घेतं. सहा तासांनी प्रवाह उलटला की जहाज साखळीभोवती फिरतं, नांगर उपटला जातो किंवा साखळी त्याच्यावर गुंडाळली जाते. म्हणून आखाताच्या आत वादळ नांगरावर काढायचा बेत जवळपास कधीच मान्य करू नये.

ज्यांना स्वतःचं इंजिन नाही अशा बार्जची तर गोष्टच वेगळी. तौक्तेच्या वेळी मुंबई हायजवळ पी-305 ही 261 माणसं असलेली बार्ज नांगर तुटून वाहत गेली, तेलफलाटाला धडकली आणि बुडाली. ओव्हरसाइज माल बार्जवरून नेणाऱ्या बडोद्याच्या कंपन्यांनी एवढं जरूर ठरवावं: टग जोडलेला नसेल तर वादळाच्या हंगामात बार्ज उघड्या पाण्यात उभी करायची नाही.

घड्याळ उलटं चालवा

समजा केंद्र 300 सागरी मैलांवर आहे, वेग 8 नॉट, आणि 34 नॉट वाऱ्याची त्रिज्या 120 मैल. हवामान खातं 28, 34, 50 आणि 64 नॉटच्या त्रिज्या चारही चतुर्थांशांसाठी वेगळ्या देतं. आपल्या बाजूची घ्यायची, सरासरी नाही. केंद्र पोचायला साडेसदतीस तास, हे ऐकून सगळे निवांत होतात. पण 34 नॉटचा वारा 180 मैलांवर आहे, म्हणजे साडेबावीस तासांत. पायलटचं (जहाजाला बंदरातून आत-बाहेर नेणाऱ्या वाटाड्याचं) काम त्याच्याही आधी थांबतं, कारण लाट वाढली की पायलटला शिडीवरून उतरवता येत नाही. सहा तास वजा करा. उरले साडेसोळा.

आता बंदरात आठ जहाजं आहेत, टगची जोडी एकच, आणि प्रत्येकाला दीड तास. बारा तास झाले. जहाज खोल बसणारं असेल तर भरतीच्या वेळेसच चॅनेलमधून निघेल, म्हणजे बारा-साडेबारा तासांत एकदा. हॅच (मालाच्या कोठाराची झाकणं) बंद करणं, क्रेन बांधणं, लोडिंग आर्म सोडणं यात चार-सहा तास. रिकाम्या जहाजाला पुरेसं बॅलास्ट (स्थिर राहण्यासाठी टाक्यांत भरायचं पाणी) घ्यायला आठ-बारा. तुमचं जहाज यादीत सातवं असेल तर ते आज निघत नाही. आणि निघालं तरी वादळापासून 150-200 मैल दूर पोचायला, समोरून लाट घेत दहा नॉटने, पंधरा-वीस तास पाहिजेत.

खंभातच्या आखाताला तर दार एकच, दक्षिणेला, आणि वादळही त्याच बाजूने येतं. उशिरा निघालेलं जहाज वादळापासून पळत नाही, त्याच्या अंगावर जातं, वाटेत मलाक्का बँक्सचे उथळ पट्टे. म्हणून इथल्या बंदरांसाठी निर्णयाची वेळ 72 तास आधी, फार तर 48. हवामान खात्याची 'वादळपूर्व नजर' 72 तास आधी येते, 'अॅलर्ट' 48 तास आणि 'वॉर्निंग' 24 तास आधी. शेवटचा शब्द सगळ्यांत गंभीर वाटतो खरा, पण तो येईस्तोवर मोठ्या जहाजासाठी बस निघून गेलेली असते.

वादळाचा वेग कायम राहील असंही धरू नका. बिपरजॉय 6 जूनला तयार झालं आणि नऊ दिवसांनी किनाऱ्याला आलं. तेवढे दिवस बंदरांना लाटेने छळलं. दुसरीकडे उत्तर-ईशान्येला वळणारं वादळ वळल्यावर वेग घेऊ शकतं. दर तीन तासांच्या बुलेटिनवर हिशेब नव्याने मांडा.

संपर्क तुटला तर जहाजावरचे जुने ठोकताळे कामाला येतात. वाऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं की केंद्र उजव्या हाताला, किंचित मागे. वाऱ्याची दिशा घड्याळाच्या दिशेने सरकत असेल तर तुम्ही वादळाच्या उजव्या, धोक्याच्या अर्ध्या भागात, उलट सरकत असेल तर डाव्या, दिशा तीच राहून जोर वाढत असेल तर थेट वाटेत. दाबमापकाचा रोजचा चढ-उतार (सकाळी-रात्री दहाला वर, चारला खाली) वजा केल्यावर तीन हेक्टोपास्कल उतार दिसला की संशय घ्यायचा, पाच उतरला की वादळ जवळ आहे असं समजायचं.

शेजारी

आपलं जहाज सुटलं नाही तरी शेजारचं सुटून आपल्यावर येऊ शकतं. वाऱ्याच्या बाजूला कोण उभं आहे ते पाहा: मासेमारी बोटींची गर्दी, रिकामी बार्ज, अटकाव करून ठेवलेलं आणि महिनोन्महिने कुणी न बघितलेलं जहाज. हे शेवटचं सगळ्यांत वाईट, कारण त्यावर माणसं कमी आणि दोर कुजके. धक्क्यावरच्या क्रेन वादळी खुंट्यांत अडकवून पट्ट्यांनी बांधल्या आहेत का, रिकामे कंटेनर एकावर एक किती रचलेत, हेही त्याच फेरीत बघून घ्या. रिकामा चाळीस फुटी डबा पावणेचार टनांचा असतो, पण त्याची बाजू साधारण 30 चौरस मीटर. वरच्या सूत्रात घालून बघा, 90 नॉटला चार टनांचा आडवा जोर येतो.

निकाल लिहून ठेवा

हिशेब झाल्यावर एका ओळीचा निकाल लिहा, अटींसकट. उदाहरणार्थ: 'हे जहाज, भरलेलं, या धक्क्यावर, 45 नॉटपर्यंत आणि दीड मीटर फुगवट्यापर्यंत राहू शकतं, वादळ बंदराच्या पश्चिमेकडून उत्तरेला जाणार असेल तर 60 तास आधी काढायचं.' प्रत्येक बंदरासाठी अशा तीन-चार ओळी एप्रिलमध्येच तयार असाव्यात. वादळ आल्यावर फोनवरून करायचं हे काम नाही.

बडोद्याहून माल सोडणाऱ्याचं वेळापत्रकही यावरच ठरवावं. ट्रेलर एकदा जेट्टीवर पोचला की दोनशे टनांचा कॉलम परत आणता येत नाही, आणि भरूच-दहेज पट्ट्यातल्या सखल यार्डात फुगवट्याचं पाणी शिरलं तर पॅकिंगच्या आत खारं पाणी राहून मशीनिंग केलेले पृष्ठभाग गंजतात. 72 तासांच्या अंदाजात बंदर शंकूच्या आत असेल तर माल कारखान्याच्या यार्डातच थांबवा. डिटेन्शनचे (ट्रेलर अडकवून ठेवल्याचे) पैसे द्यावे लागतील, ते द्या. यार्डात अडकलेला माल निदान अर्धा मीटर उंच लाकडी ठोकळ्यांवर घ्या, साखळ्यांनी बांधा आणि फोटो तारखेसकट काढून ठेवा. विम्याचा सर्वेअर पहिल्यांदा तेच मागतो.

वादळ गेल्यावर लगेच जहाज आत आणायची घाई असते. चॅनेलमध्ये गाळ किती आला हे इको साउंडरने मोजल्याशिवाय पायलट मोठं जहाज घेत नाही, आणि त्याने घेऊही नये, कारण खंभातच्या आखातात वाळूचे पट्टे एरवीसुद्धा जागा बदलतात. बोया (वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा) आपल्या जागेवर आहेत का, बुडालेली बोट किंवा कंटेनर वाटेत आहे का, बोलार्डचे पाये हलले का, फेंडरच्या साखळ्या तुटल्या का, याची तपासणी पहिल्या भरतीला सुरू करतात. मोठ्या ड्राफ्टच्या जहाजाला तोवर बाहेर खोल पाण्यातच थांबवायचं, आणि आत घेताना पहिली फेरी दिवसाउजेडी, चढत्या भरतीवर करायची, म्हणजे तळाला लागलंच तर पुढच्या तासाभरात चढतं पाणी जहाज उचलून देतं.